बुचं, गोण्या आणि तांबं : आफ्रिकेतल्या समकालीन कलाप्रदर्शनांचा आढावा

आफ्रिकी कलाकारांच्या प्रदर्शनावर लिहिताना ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून मोकळं होण्याची सवय जगभरच्या समीक्षेला जडली आहे. दारूच्या बाटल्यांची बुचं, तागाच्या गोण्या, पेट्रोलचे डबे, जुन्या संगणकातल्या तारा यांची भव्य कामं दिसली, की गरिबीतही केवढी ही कल्पकता, असं कौतुक करायचं आणि पुढच्या दालनाकडे वळायचं. हे कौतुक त्या कामांवर अन्याय करतं. कॅनव्हास परवडत नाही म्हणून कुणी बुचं शिवत बसत नाही. हजारो बुचं शिवायला लागणारे हात आणि महिने कॅनव्हासपेक्षा कितीतरी महाग पडतात. ती वस्तू विचारपूर्वक निवडलेली असते. ती कुठून आली, कुणाच्या डोक्यावरून वाहिली गेली, कुणाला नफा देऊन गेली, हे सगळं तिच्या अंगावर उमटलेलं असतं, म्हणून. गेल्या पस्तीसेक वर्षांतली महत्त्वाची प्रदर्शनं ओळीने लावून पाहिली, तर निसर्ग, वस्तू आणि शहर हे तीन वेगवेगळे विषय राहतच नाहीत. जमिनीतून काय उपसलं गेलं, बदल्यात काय आलं आणि त्या देवघेवीवर शहरं कशी पोसली गेली, अशी ती सलग गोष्ट आहे.

एल अनात्सुई यांच्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्यांच्याच वाट्याला आले. त्यांचा जन्म १९४४चा, घानातल्या अन्याको गावचा. १९७५पासून ते नायजेरियातल्या न्सुका इथल्या विद्यापीठात शिल्पकला शिकवू लागले. लाकूड, फुटक्या मडक्यांची खापरं अशा माध्यमांत बरीच वर्षं काम केल्यावर १९९८च्या सुमारास त्यांना दारूच्या बाटल्यांच्या पत्र्याच्या बुचांनी भरलेली एक पिशवी सापडली, आणि पुढची पंचवीस वर्षं त्या पिशवीने व्यापली.

काम चालतं ते असं. बूच उकलून सपाट केलं की त्याची पट्टी होते, मानेभोवतीचं कडं वेगळं काढलं की चकाकती गोल कडी मिळते, माथ्याची चकती चेपून, दुमडून आणखी निराळे आकार निघतात. प्रत्येक तुकड्याला भोकं पाडायची, त्यांतून तांब्याची बारीक तार ओवायची आणि पीळ देऊन शेजारच्या तुकड्याशी बांधायचं. न्सुकाच्या कार्यशाळेत अनेक तरुण हे काम करतात. तयार झालेले पट्टे जमिनीवर पसरले जातात, मग अनात्सुई त्यांच्या जागा बदलत राहतात. शेवटी होतं ते धातूचं, पण वाकणारं, चुण्या पडणारं महावस्त्र. नऊवारी घडी घालून ट्रंकेत ठेवावी तसं ते पेटीत भरून परदेशी जातं. ते भिंतीवर कसं टांगायचं, चुण्या कुठे पाडायच्या, हे अनात्सुई ठरवून देत नाहीत. त्या त्या संग्रहालयातल्या माणसांवर सोपवतात. त्यामुळे एकच काम दोन शहरांत दोन रूपांत दिसतं. शिल्पाचा अंतिम आकार आपल्याच हातात ठेवण्याचा हट्ट त्यांनी सोडून दिला आहे, आणि माझ्या मते त्यांचं सर्वांत धाडसी पाऊल हेच आहे.

आता बुचांकडे पुन्हा पाहा. युरोपचे व्यापारी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दारू घेऊन आले आणि तिच्या बदल्यात माल घेतला, माणसंही घेतली. ती माणसं अटलांटिकपलीकडच्या उसाच्या मळ्यांवर राबली. त्या उसाच्या मळीतून रम निघाली आणि रम पुन्हा व्यापारात आली. लंडनच्या टेट मॉडर्नमधल्या टर्बाइन हॉलमध्ये ऑक्टोबर २०२३ ते एप्रिल २०२४ या काळात अनात्सुईंचं ‘बिहाइंड द रेड मून’ मांडलं गेलं. टेट हे नाव आलं हेन्री टेट या साखर कारखानदारावरून. शिरताच समोर जहाजाच्या शिडासारखा फुगलेला प्रचंड पडदा आणि त्यावर लाल चंद्र. पुढे अधांतरी लोंबणारे मानवाकृतींचे तुकडे, जे एका विशिष्ट जागी उभं राहिलं की जुळून वर्तुळ होतात. आणि शेवटी छतापासून जमिनीपर्यंत उतरलेली काळी भिंत, जिच्या पायाशी लाटा फुटल्यासारख्या चुण्या. साखरेच्या पैशातून नाव मिळालेल्या संस्थेत रमच्या इतिहासाची बुचं टांगली गेली. एवढं कळल्यावर ‘टाकाऊ’ हा शब्द वापरावासा वाटत नाही.

अनात्सुईंना २००७च्या व्हेनिस बिनालेने जगासमोर आणलं आणि २०१५ साली तिथेच जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. त्या वर्षीच्या बिनालेचे क्युरेटर होते ओक्वुई एन्वेझोर. हा आढावा त्यांच्याशिवाय पुरा होत नाही, म्हणून थोडं मागे जाऊ.

१९८९ साली पॅरिसमध्ये ज्याँ-ह्युबेर मार्तँ यांनी ‘माजिसिएँ द ला तेर’ भरवलं. पाश्चात्त्य आणि बिगरपाश्चात्त्य कलाकार निम्मे-निम्मे, एकाच छताखाली. हेतू चांगला होता, दारं उघडली हेही खरं. पण बिगरपाश्चात्त्यांमध्ये कल राहिला तो न शिकलेल्या, विधी आणि लोकपरंपरेशी जोडलेल्या कलाकारांकडे. कलाशाळेत शिकलेला, शहरात राहणारा, जगभरचं पाहिलेला आफ्रिकी चित्रकार जणू अस्सल नव्हेच. एन्वेझोर यांनी पुढची तीन दशकं या समजुतीशी झुंज दिली. नायजेरियातल्या कलाबार इथे १९६३ साली जन्मलेले एन्वेझोर तरुणपणी अमेरिकेत गेले. त्यांनी १९९७ साली दुसरी जोहान्सबर्ग बिनाले उभी केली. तिचं सूत्रच व्यापारमार्ग हे होतं. पैशाअभावी ती मुदतीआधी बंद करावी लागली, पण तिथे मांडलेला प्रश्न बंद झाला नाही. २००२ साली जर्मनीतल्या कासेलच्या ‘डॉक्युमेंटा ११’चे ते कलासंचालक झाले, या पदावरचे पहिलेच बिगरयुरोपीय. कासेलचं प्रदर्शन त्यांनी पाच टप्प्यांपैकी शेवटचा टप्पा मानलं. आधीच्या चर्चासत्रांपैकी एक नवी दिल्लीत झालं आणि एक लागोसमध्ये. लागोसच्या सत्राचा विषय होता चार आफ्रिकी शहरं : फ्रीटाऊन, जोहान्सबर्ग, किन्शासा आणि लागोस. चित्रं टांगण्याआधी शहराचा अभ्यास करायचा, वास्तुरचनाकार आणि समाजशास्त्रज्ञांना कलाकारांच्या शेजारी बसवायचं, ही पद्धत आज सर्रास दिसते. तिचं मूळ इथे आहे. मार्च २०१९मध्ये म्युनिकच्या हाउस डर कुन्स्टमध्ये अनात्सुईंचं मोठं सिंहावलोकन सुरू झालं. ते एन्वेझोर यांनी चिका ओकेके-अगुलु यांच्यासोबत रचलं होतं. प्रदर्शन सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला आणि एन्वेझोर गेले.

दरम्यान सिमाँ न्जामी यांच्या ‘आफ्रिका रिमिक्स’ या प्रदर्शनाने २००४पासून ड्युसेलडॉर्फ, लंडन, पॅरिस, टोकियो, स्टॉकहोम असा प्रवास केला. त्याच्या तीन विभागांपैकी एक शहर आणि जमीन यांचा होता. एवढं फिरून ते आफ्रिकेत पोचलं २००७ साली, तेही फक्त जोहान्सबर्गला. त्या खंडाच्या नावाने सुरू झालेल्या प्रदर्शनाचा शेवटचा मुक्काम त्या खंडात असावा, ही सल अनेक कलाकारांना लागली, आणि पुढे आपापल्या गावी काही उभारण्याच्या जिद्दीमागे तीही आहे.

इब्राहिम महामा या जिद्दी लोकांपैकी. जन्म १९८७, घानाच्या उत्तरेतलं तामाले. त्यांचं माध्यम आपल्या घराघरात, बाजार समितीच्या आवारात दिसणारं : तागाची गोणी. घानाचा कोको जगभर जातो तो गोण्यांतून. पण ताग घानात पिकत नाही. जगातला बहुतेक ताग बांगलादेश आणि भारतात पिकतो, आणि कोकोच्या गोण्या आशियातून आयात होतात. कोको वाहून झाला की त्याच गोणीत मका, तांदूळ जातो, शेवटी कोळसा. तोवर गोणीवर कोको मंडळाचा शिक्का, व्यापाऱ्यांची नावं, तेलाचे डाग आणि ठिगळं यांचे थर चढलेले असतात. महामा बाजारात जाऊन नव्या गोण्या देऊन जुन्या घेतात. त्या शिवायला येतात शहरात कामाच्या शोधात आलेली माणसं. त्यांत उत्तरेकडून राजधानी अक्राच्या बाजारात डोक्यावर ओझी वाहायला आलेल्या बायकाही आहेत. शहरात काही बरंवाईट झालं तर ओळख पटावी म्हणून या स्थलांतरितांपैकी काही जण हाताच्या पुढल्या भागावर नाव गोंदवून घेतात. महामांनी त्या हातांची छायाचित्रंही काढली आहेत. गोणीवरचं मालकाचं नाव आणि हातावरचं मजुराचं नाव शेजारी शेजारी पाहिलं, की ही कामं पाहताना नुसत्या पोताची, रंगाची चर्चा करता येत नाही.

२०१५च्या व्हेनिस बिनालेत त्यांनी आर्सेनालेलगतच्या लांबलचक बोळाच्या दोन्ही भिंती या गोण्यांनी मढवल्या. आत जाणाऱ्या-येणाऱ्याला गोण्यांच्या वासातूनच चालावं लागे. २०२४ साली लंडनच्या बार्बिकनची काँक्रीटची भिंत त्यांनी गुलाबी-जांभळ्या हातमागाच्या कापडाने झाकली. ते कापड तामालेत विणून, शिवून गेलं होतं, आणि त्यावर उत्तर घानातले पिढ्यान् पिढ्या जपलेले अंगरखे टाकले होते. आणि डिसेंबर २०२५मध्ये सुरू झालेल्या कोची-मुझिरिस बिनालेत हे काम आपल्या किनाऱ्यावर आलं. या आवृत्तीची रचना निखिल चोप्रा आणि गोव्यातल्या एचएच आर्ट स्पेसेस या कलाकारसमूहाने केली. महामांनी गोण्या आणि जुन्या खुर्च्या घेऊन तिथे ‘पार्लमेंट ऑफ घोस्ट्स’ उभं केलं. मसाल्याच्या वखारींच्या गावात गोणपाट ही नवलाची गोष्ट नव्हे. पण ज्या उपखंडाच्या तागाने घानाचा कोको वाहिला, तिथल्या प्रेक्षकाने ते पाहताना स्वतःला या साखळीच्या बाहेर समजू नये, असं मला मनापासून वाटतं.

पेट्रोलच्या डब्यांची गोष्ट नायजेरियाच्या शेजारच्या बेनिन देशातली. रोमुआल्ड हाझुमे (जन्म १९६२, पोर्तो-नोव्हो) प्लास्टिकच्या पेट्रोलच्या कॅनचे मुखवटे करतात. धरायची मूठ झाली नाक, झाकणाची जागा झाली तोंड. नायजेरियातून चोरट्या मार्गाने स्वस्त पेट्रोल बेनिनमध्ये येतं ते अशाच कॅनमधून, मोटरसायकलींवर लादून. जास्त माल मावावा म्हणून कॅन विस्तवावर धरून फुगवतात. त्यामुळे ते पातळ होत जातात आणि एखादे दिवशी फुटतात. अशा ३०४ कॅनचे मुखवटे हाझुमेंनी गुलामांच्या जहाजाच्या आकारात मांडले. ‘ब्रूक्स’ या जहाजात माणसं कशी दाटीवाटीने भरत, ते दाखवणारा अठराव्या शतकातला छापील आराखडा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. १९९७ ते २००५ अशी वर्षं घेऊन झालेलं ‘ला बूश द्यु र्‍वा’ ब्रिटिश म्युझियमने विकत घेतलं आणि २००७ साली, ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केल्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा, मांडलं. मुखवट्यांमधून नावं पुकारणारे आवाज येत, तंबाखू आणि मसाल्यांचे वास येत. मुखवटा म्हटला की आफ्रिका, या युरोपीय अपेक्षेला हाझुमेंनी पेट्रोलचा कॅन दिला. वापरून फुटेपर्यंत भरायचं, हा व्यवहार तेव्हा माणसाशी होता, आज कॅनशी आणि तो वाहणाऱ्या पोराशीही आहे.

अक्रात सर्ज अत्तुक्वे क्लॉटी पिवळ्या कॅनचे चौकोनी तुकडे तारेने जोडून मोठमोठे पडदे करतात. खाद्यतेलाचे हे कॅन पाणीटंचाईत लोकांनी पाणी भरायला वापरले, आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कुफुओर यांचं नाव त्या कॅनला चिकटलं. क्लॉटींचं काम रस्त्यावर अंथरलेलं असतं तेव्हा फार बोलकं होतं. पांढऱ्या भिंतीवर ते मला थोडं सजावटीकडे झुकलेलं वाटतं.

तेलाची सगळ्यात जळजळीत कलाकृती मात्र स्टीलची आहे. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या ओगोनी भूमीवर तेल कंपन्यांनी केलेल्या प्रदूषणाविरुद्ध आवाज उठवणारे लेखक केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ साथीदारांना नायजेरियाच्या लष्करी राजवटीने १० नोव्हेंबर १९९५ रोजी फाशी दिलं. त्याच त्रिभुज प्रदेशात जन्मलेल्या सोकारी डग्लस कॅम्प यांनी २००६ साली लंडनमध्ये त्यांचं स्मारक केलं ते एका बसच्या रूपात. वर तेलाची पिंपं, त्यांवर फाशी गेलेल्यांची नावं. ब्रिटनमध्ये ही ‘बॅटल बस’ वर्षानुवर्षं हिंडली, कुणाला तिचं भय वाटलं नाही. २०१५ साली ती ओगोनी लोकांना भेट म्हणून पाठवली, तर लागोस बंदरात नायजेरियाच्या अधिकाऱ्यांनी ती जप्त केली. युरोपातल्या दालनात जी कलाकृती विचारप्रवर्तक म्हणून वाखाणली जाते, ती ज्यांच्यासाठी केली त्यांच्यापर्यंत पोचू लागताच धोकादायक ठरते. या विषयाचं इतकं नेमकं उदाहरण दुसरं नाही.

खनिजांकडे वळलं, की निसर्ग या शब्दाचा अर्थच पालटतो. आफ्रिकेचा निसर्ग म्हणजे सिंह, गवताळ माळ आणि सूर्यास्त, असं पर्यटनाने डोळ्यांत भरवलं आहे. कलाकारांच्या लेखी निसर्ग म्हणजे भाडेपट्ट्याने गेलेली जमीन. ओटोबाँग न्कांगा (जन्म १९७४, कानो) नामिबियातल्या त्सुमेबला गेल्या. तिथे एके काळी तांब्याच्या खनिजामुळे हिरवी दिसणारी टेकडी होती. जर्मन वसाहतकाळापासून खणत खणत टेकडी संपली, उरला खड्डा. न्कांगांनी त्या खड्ड्याच्या काठाशी केलेल्या सादरीकरणाची फिल्म केली, आणि जमिनीतून खनिज आणि त्यातून चकाकणारी प्रसाधनं हा प्रवास भरजरी विणलेल्या मोठ्या पटांमध्ये आणला. २०१७च्या ‘डॉक्युमेंटा १४’साठी त्यांनी अथेन्समध्ये साबण केला. भूमध्यसागराभोवतालची आणि आफ्रिकेतली तेलं, लोणी आणि कोळसा घालून केलेल्या काळ्या वड्या. त्या कासेलला विकल्या गेल्या आणि आलेला पैसा नायजेरियातल्या आक्वा इबोम प्रांतातल्या कामासाठी लावला. विक्री हाच कलाकृतीचा भाग. अशा वेळी प्रेक्षक नुसता बघ्या राहत नाही, तो गिऱ्हाईक होतो आणि व्यवहाराला बांधला जातो.

काँगोच्या तांब्याच्या पट्ट्यातले सॅमी बालोजी (जन्म १९७८, लुबुम्बाशी) जुन्या अभिलेखातले मजूर आजच्या ओसाड कारखान्यांसमोर उभे करतात. वसाहतकाळातल्या कृष्णधवल छायाचित्रांतली माणसं कापून आजच्या रंगीत छायाचित्रात बसवलेली. त्यांतले काही साखळदंडात. दुसऱ्या एका कामात त्यांनी पहिल्या महायुद्धातल्या तोफगोळ्यांची टरफलं कुंड्या म्हणून वापरली आणि त्यांत उष्ण प्रदेशातली झाडं लावली. बेल्जियममधल्या घरांत अशी टरफलं शोभेच्या कुंड्या म्हणून खरोखरच वापरली जात, आणि कटांगाचं तांबं त्या युद्धासाठी गेलं होतं. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातली कुंडी इतकं सांगू शकते. बालोजी आणि त्यांच्या सोबत्यांनी २००८पासून लुबुम्बाशीतच छायाचित्रं आणि दृश्यकलेची बिनाले सुरू केली, हे त्यांच्या कलाकृतींइतकंच मोलाचं.

निसर्गाशी सौम्य, दैनंदिन नातं सांगणारं काम पूर्व आफ्रिकेत अधिक दिसतं. युगांडात मुटुबा नावाच्या उंबरवर्गीय झाडाची साल सोलून, खाचा असलेल्या लाकडी मोगरीने तासन् तास ठोकून पातळ करतात आणि तिचं लालसर वस्त्र होतं. सोललेलं खोड केळीच्या पानांनी बांधून ठेवतात आणि नवी साल येते, झाड मरत नाही. बुगांडा राज्यात हे लुबुगो मानाचं आणि अंत्यविधीचं वस्त्र. युनेस्कोने २००५ साली त्याची दखल घेतली. केनियात जन्मलेल्या मायकल आर्मिटेज यांना नैरोबीच्या बाजारात ते पर्यटकांसाठी विकायला ठेवलेलं दिसलं. तेव्हापासून ते त्यावर तैलरंगात चित्रं काढतात. सालीतली भोकं, शिवणी, उंचवटे ते लपवत नाहीत. एखाद्या चेहऱ्याच्या मधोमध भोक येतं आणि चित्राला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. निवडणुकीतली गर्दी, रस्त्यावरचा हिंसाचार, नैरोबीचं शहरी जगणं या सालीवर रंगवलेलं पाहताना झाड आणि शहर वेगळं काढता येत नाही. अकाये केरुनेन यांनी २०२२ साली व्हेनिसमध्ये युगांडाच्या पहिल्यावहिल्या दालनात कॉलिन सेकाजुगो यांच्यासह भाग घेतला. त्यांची शिल्पं खेड्यातल्या बायकांनी वळलेल्या, विणलेल्या केळीच्या सोपटांची आणि रॅफियाची. त्या दालनाचा बिनालेच्या परीक्षकांनी खास उल्लेख केला.

शहरावरच्या प्रदर्शनांत दोन तऱ्हा आहेत. एक स्वप्नाची. काँगोचे बोदिस इसेक किंगेलेझ (१९४८–२०१५) किन्शासाच्या संग्रहालयात जुने मुखवटे दुरुस्त करायचे. मग त्यांनी पुठ्ठा, रंगीत कागद, शीतपेयांचे डबे, बाटल्यांची झाकणं यांतून इमारती आणि सबंध शहरं करायला घेतली. १९९६च्या ‘व्हील फाँतोम’मध्ये मनोरे, पूल, हमरस्ते सगळं आहे, पण पोलिसांची आणि तुरुंगाची गरज नाही, असं ते सांगत. न्यूयॉर्कच्या मोमाने २०१८ साली त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं तेव्हा ते हयात नव्हते. ही शहरं गोड, भाबडी म्हणून पाहणं सोपं आहे. हुकूमशहा मोबुटूच्या राजवटीत कोसळत चाललेल्या राजधानीत बसून कुणी नागरी व्यवस्थेचं एवढं तपशीलवार चित्र मांडतो, तेव्हा मला त्यात ठाम राजकीय मागणी दिसते.

दुसरी तऱ्हा आहे त्या शहराचा माग घेण्याची. २०१३ साली अंगोलाने व्हेनिसमध्ये प्रथमच भाग घेतला आणि सर्वोत्तम राष्ट्रीय दालनाचा सुवर्णसिंह पटकावला. एडसन शागास यांनी लुआंडाच्या रस्त्यावर टाकून दिलेल्या वस्तू, मोडकी खुर्ची वगैरे, उचलून जवळच्याच एखाद्या भिंतीशी नीट ठेवल्या आणि छायाचित्रं घेतली. त्यांच्या मोठ्या छापील प्रतींच्या थप्प्या जुन्या इटालियन चित्रांनी भरलेल्या महालात मांडल्या, आणि येणाऱ्या प्रत्येकाने हवी ती प्रत घेऊन जायची. लागोसवर मोमाने २०२३ साली सात छायाचित्रकारांचं प्रदर्शन केलं. त्यात आकिनबोडे आकिनबियी आहेत, जे दशकानुदशकं शहर पायी पालथं घालत आले. आणि अमांडा इहेमे आहेत, ज्यांनी लागोसच्या जुन्या इमारतींची, राष्ट्रीय वारसा असूनही २०१६ साली पाडलेल्या कासा द फर्नांडेझची आठवण धरून ठेवली.

केप टाऊनच्या इगशान अ‍ॅडम्स यांच्या कामापाशी मात्र जरा थांबायला हवं. ते बोंतेहूवेल वस्तीत वाढले. वर्णभेदी राजवटीने ‘कलर्ड’ ठरवलेल्यांना तिथे आणि कृष्णवर्णीयांना शेजारच्या लांगामध्ये डांबलं. मध्ये मोकळी जमीन ठेवली, ती दोन वस्त्यांनी एकमेकींत मिसळू नये म्हणून. पण माणसं चालत राहिली आणि त्या जमिनीवर पायवाटा पडल्या, इतक्या ठळक की आकाशातून टिपलेल्या छायाचित्रांत दिसतात. अ‍ॅडम्स त्या वाटा विणतात. दोरी, सुती धागे, काचेचे आणि प्लास्टिकचे मणी, तार, शिंपले घेऊन. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०२२ साली त्यांचं प्रदर्शन भरवलं. त्यांची आणखी एक मालिका घरांतल्या लिनोलियमच्या जमिनींवर आहे. स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत जाऊन येऊन जिथे नक्षी झिजली, थर उघडे पडले, ती झीज ते धाग्यांनी जशीच्या तशी उतरवतात. भिंतीवर टांगलेल्या त्या पटापासून दूर उभं राहिलं तर जमिनीचा नकाशा दिसतो, आणि जवळ गेलं की एका बाईच्या रोजच्या फेऱ्या मोजता येतील इतका तपशील. गावकुसाच्या आणि वाड्या-वस्त्यांच्या सीमा ओळखणाऱ्या मराठी वाचकाला इथे टिपेची गरज पडू नये.

ही सगळी प्रदर्शनं पाहतं कोण, हा प्रश्न इतकी वर्षं विचारला जातोय आणि त्याची उत्तरंही आता दिसू लागली आहेत. डाकारची बिनाले दृश्यकलेसाठी १९९२पासून चालू आहे. अधिकृत प्रदर्शनाबरोबरच ‘ऑफ’ म्हणून शहरभर दुकानांत, खानावळींत, घरांच्या अंगणांत जे भरतं, तिथे शहर स्वतःच प्रेक्षक होतं. मुख्य दालनापेक्षा मला ते महत्त्वाचं वाटतं. केप टाऊनमध्ये २०१७ साली जुन्या धान्याच्या सायलोतून झाइट्झ मोका हे कलासंग्रहालय उभं राहिलं. मक्याच्या दाण्याचा आकार प्रचंड मोठा करून काँक्रीटच्या नळकांड्यांतून कोरलेलं त्याचं मध्यदालन देखणं आहे. पण ते खऱ्या अर्थाने संग्रहालय झालं, ते २०१९ साली कोयो कुओ संचालक झाल्यावर. त्याआधी त्यांनी डाकारमध्ये रॉ मटेरियल कंपनी ही संस्था घडवली होती. २०२६च्या व्हेनिस बिनालेसाठी क्युरेटर म्हणून त्यांची निवड झाली आणि मे २०२५मध्ये अचानक त्यांचं निधन झालं. त्यांनी आखून ठेवलेल्या आराखड्यानुसारच ती करायची असं बिनालेने ठरवलं. नायजेरियाच्या बेनिन सिटीत नवं पश्चिम आफ्रिकी कला संग्रहालय नोव्हेंबर २०२५मध्ये खुलं व्हायच्या बेतात असताना निदर्शकांनी कार्यक्रम बंद पाडला. तिथल्या राजघराण्याचा आणि जनतेचा वारसा नेमका कुणाच्या ताब्यात असावा, यावरून तो वाद आहे आणि तो किरकोळ समजू नये.

अदिस अबाबात एलियास सिमे यांनी मेस्केरेम असेगेद यांच्यासोबत २०१९ साली झोमा संग्रहालय खुलं केलं. सिमे मर्कातोच्या बाजारातून मोडीत आलेले संगणकांचे भाग, विजेच्या रंगीत तारा विकत घेतात, तारांच्या बारीक वेण्या घालतात आणि फळ्यांवर खिळ्यांनी ठोकून भूदृश्यासारखे विस्तीर्ण पट रचतात. झोमाच्या इमारती मात्र माती आणि पेंढ्याच्या, स्थानिक कारागिरांनी जुन्या पद्धतीने लिंपलेल्या, भोवती भाजीचा मळा आणि गुरं. तामालेत महामांनी कलाविक्रीच्या पैशातून २०१९पासून एकामागून एक जागा उभ्या केल्या. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्क्रुमा यांच्या काळातला अर्धवट राहिलेला सायलो विकत घेतला, जुनी विमानं आणून त्यांत वर्ग भरवले, रेल्वेचे डबे आणले. शाळेतली मुलं तिथे फुकट येतात.

आणि काँगोतलं लुसांगा. ही युनिलिव्हरच्या जुन्या पामतेलाच्या मळ्याची जागा. वसाहतकाळात लेव्हरव्हिल म्हणून ओळखली जायची. मळ्यात राबलेल्या कुटुंबांतल्या कलाकारांनी २०१४ साली ‘सीएटीपीसी’ हा संघ स्थापन केला. नदीकाठच्या मातीची शिल्पं करायची आणि त्यांच्या प्रती कोको आणि पामच्या चरबीत ओतायच्या, म्हणजे ज्या पिकांनी जमीन घेतली त्याच पिकांत. ती शिल्पं न्यूयॉर्कमध्ये, युरोपात विकली गेली आणि त्या पैशातून संघ जुन्या मळ्याची जमीन परत विकत घेऊन तिथे झाडं आणि अन्नपिकं लावत आला आहे. सुरुवातीपासून यात डच कलाकार रेन्झो मार्टेन्स आहेत, आणि श्रेय कुणाचं, पुढाकार कुणाचा, हा आक्षेप रास्तच आहे. पण २०२४ साली व्हेनिसच्या डच दालनात या संघाचं काम लागलं तेव्हा त्यांनी एक गोष्ट घडवून आणली. १९३१ साली मळ्याच्या सक्तीविरुद्ध पेंडे लोकांनी उठाव केला, त्यात मॅक्सिमिलियन बालो हा बेल्जियन अधिकारी मारला गेला. त्याचा संतप्त आत्मा आवरावा म्हणून तेव्हा त्याचं लाकडी शिल्प कोरलं गेलं होतं. ते पुढे अमेरिकेत व्हर्जिनियाच्या ललितकला संग्रहालयात पोचलं. बिनालेच्या काळात ते लुसांगाच्या दालनात आलं. मूळ शिल्प मळ्यातल्या लोकांनी समोर उभं राहून पाहिलं, आणि व्हेनिसच्या प्रेक्षकांना ते पडद्यावरच्या थेट प्रक्षेपणात पाहावं लागलं. मात्र ते आलं होतं मुदतीच्या उसनवारीवर. त्याची मालकी आजही व्हर्जिनियाच्या संग्रहालयाकडेच आहे.